दाराच्या मापाची टाकी

गवंड्यानं विटांचा सहावा थर लावला, तेव्हा आबा जिन्यावरून खाली आले.

"बास," ते म्हणाले. "हितपर्यंतच."

गवंडी थापी हातात धरून माझ्याकडे बघायला लागला. मी नवऱ्याकडे बघितलं. मोहन म्हणाला, "आबा, ठरलंय की आपलं. दार बुजवायचं म्हणून."

"तुमचं ठरलंय. मला कुणी विचारलं?"

"विचारलं होतं. तुम्ही काय बोलला न्हाई."

"बोललो न्हाई म्हणजे हो म्हणालो, असं कुठं लिवलंय?"

आणि माझे सासरे त्या गुडघाभर उंचीच्या ओल्या भिंतीवर चक्क बसले. धोतराला सिमेंट लागलं. तो डाग शेवटपर्यंत निघाला नाही. धोतर मी धुतलंय, म्हणून सांगते.

भिंतीच्या पलीकडून माझ्या जाऊबाईंचा, आक्कांचा आवाज आला, "अहो, आबांना सांगा, उठा म्हणावं. धोतर खराब होतंय." त्या त्यांच्या नवऱ्याला सांगत होत्या.

"मी हितं हाय की," आबा म्हणाले. "मला सांग. मी तुझ्याशी बोलतोय अजून."

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इचलकरंजीतलं आमचं घर आबांनी सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यातल्या पगारातून बांधलं होतं. दोन मुलगे, म्हणून घराचे सारखे दोन भाग. प्रत्येकाला रस्त्यावर उघडणारं वेगळं दार, वेगळ्या पायऱ्या. डाव्या भागात मोठे भावजी आणि त्यांची बायको इंदुमती, म्हणजे आमच्या आक्का. उजव्या भागात मोहन, मी आणि आमची सात वर्षांची तेजू. सासूबाई गेल्यापासून आबा वरच्या खोलीत राहायचे. सकाळचा चहा आमच्याकडे, रात्रीची भाकरी आक्कांकडे. दोन्ही भागांच्या मधल्या भिंतीला एक दार होतं. त्याला दोन्ही बाजूंनी कडी होती, पण मी लग्न होऊन आल्यापासून कुठलीच कडी लागलेली बघितली नव्हती. तेजू तर त्या दारातच रांगायला शिकली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

त्याच्या आधीच्या संक्रांतीला ते दार बंद झालं, आणि त्याचं कारण मी. मी एक वाक्य बोलले होते. कुठलं ते सांगेन, आत्ता जीभ वळत नाही. त्या वाक्यानंतर आक्का आणि मी बोलायच्या बंद झालो, मग दोघे भाऊ कामापुरतं बोलायला लागले, आणि शेवटी मोहन म्हणाला, "रोज ते बंद दार बघवत न्हाई. त्यापेक्षा भिंत बरी." भावजींनीही मान हलवली. दाराची फळी काढून गच्चीवर ठेवली आणि गवंडी आला.

मला आक्का परत हव्या होत्या. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मोहनलासुद्धा नाही. एकदा भिंत छतापर्यंत गेली की विषय संपला, हे मला कळत होतं. आणि तरी गवंड्याला चहा मीच करून देत होते. माझा स्वभाव असा आहे. जिथे वाकायला पाहिजे तिथे मी चहा करते.

"भिंत नको, तर काय करायचं?" मोहननं विचारलं.

"काच लावायची."

"खिडकी?"

"खिडकी न्हाई. टाकी. पाणी भरायचं, मासं सोडायचं."

मोहननं कपाळाला हात लावला. मला मात्र नवल वाटलं नाही. सायझिंगच्या बॉयलरला एक उभी काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. आबांनी एकतीस वर्षं त्या नळीकडे बघत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, सुटले. ते मात्र महिनाभर जेवताना तांब्यातल्या पाण्याकडे बघायचे.

आबांनी स्वतः टेप लावून माप घेतलं. रुंदी सव्वादोन फूट, खोली एक फूट, आणि उंची चार फूट. ते माप घेऊन ते काचेच्या दुकानात गेले, बरोबर मला घेऊन. दुकानदारानं आकडे दोनदा लिहून घेतले.

"आडवी ना, आबा?"

"उभी."

"मासं उभं पोहत न्हाईत."

"दार उभं असतंय," आबा म्हणाले.

एवढ्या उंच पाण्याचा दाब खालच्या काचेवर येणार, म्हणून बारा एमएमची काच घ्यावी लागली. सायझिंगमधल्या जुन्या फिटरनं लोखंडी अँगलची चौकट जोडून दिली. चार माणसांनी ती रिकामी टाकी उचलून सहा थरांच्या भिंतीवर ठेवली. वर दाराच्या चौकटीपर्यंत फूटभर मोकळी जागा राहिली. दोन्ही घरांतून स्टुलावर चढलं की त्या फटीतून हात आत घालता यायचा.

आबांनी पाणी एकदम भरू दिलं नाही. पहिल्या दिवशी फूटभर, आणि काचेवर लाल रेघ. दुसऱ्या दिवशी अजून फूटभर, दुसरी रेघ. तिसऱ्या दिवशी खालचा एक कोपरा घामेजला. मोहन म्हणाला, "मी म्हणत होतो." आबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळं पाणी काढलं, कोपरा वाळवला, परत सिलिकॉन लावलं आणि आठ दिवस कुणाला टाकीजवळ फिरकू दिलं नाही. नंतर पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरुवात.

खरी गंमत झाडं लावताना झाली. गवतासारख्या लांब पातीची झाडं होती, ती तळातल्या वाळूत रोवायची. पण चार फूट खाली हात पोचणार कुणाचा? आबांनी माझा भाकरीचा चिमटा पडद्याच्या दांडीला बांधला आणि स्टुलावर चढले. वरून त्यांना तळ नीट दिसेना. म्हणून मी आमच्या बाजूनं काचेला नाक लावून बसले, आणि पलीकडून आक्का बसल्या.

"डावीकडं घ्या, आबा," मी म्हणाले.

"डावीकडं, आबा," आक्कापण म्हणाल्या.

आमच्या दोघींची तोंडं समोरासमोर. माझं डावं ते त्यांचं उजवं. आबांचा चिमटा एकदा इकडे, एकदा तिकडे. रोवलेलं झाड उपटून वर आलं आणि त्यांच्या मनगटाला गुंडाळलं.

"दोघी गप बसा," आबा म्हणाले. "एकीचं ऐकलं की दुसरीचं बिघडतंय."

पलीकडे आक्का पदराआड हसल्या. पाण्यातून बघताना चेहरा थोडा पसरट दिसतो, तरी हसणं कळतं. मी पण हसले. मग दोघींना एकदम आठवलं की आपण बोलत नाही, आणि दोघी उठून आपापल्या स्वयंपाकघरात गेलो.

मासे आणायला आबा एसटी स्टँडजवळच्या दस्तगीरकडे गेले. दस्तगीरला मापावर विश्वास बसेना, म्हणून तो स्वतः लुनावरून टाकी बघायला आला. बराच वेळ मान वर-खाली करून बघत राहिला.

"किती मासं सोडताय?"

"तीस," आबा म्हणाले. "अडीचशे लिटर पाणी हाय."

"पाणी बघू नका, आबा. तोंड बघा. हवा वरनं मिळती. तोंड एवढंसं, मग खाली विहीर असली तरी काय उपयोग?" त्यानं हातानं सव्वादोन फूट दाखवले. "सहा. त्याच्यावर एक न्हाई. आणि ही हवेची मोटर लहान हाय, चार फूट खाली फुंकर घालायचा तिला दम न्हाई. बुडबुड्यांचा दगड मध्यावर टांगा."

"आणि खाणं?"

"चिमूटभर. दिवसातनं एकदा. जास्त झालं की तळाला जातं, तिथं कुजतं. तिथवर तुमचा हात पोचत न्हाई. पाणी खराब झालेलं कळतं तवा उशीर झालेला असतोय."

त्यानं सहा एंजल दिले. अंगानं चपटे, वर-खाली लांब पंख असलेले, रुंदीपेक्षा उंचीच जास्त. दाराच्या मापाचे मासे मिळाले म्हणून आबा इतके खूश झाले, की त्या रात्री त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली. हे मला तेजूकडून कळलं. तिनं टाकीतून मोजली होती.

त्यानंतरचे दिवस मला अजून आवडतात. संध्याकाळी टाकीवरची ट्यूब लागली की दोन्ही घरांतली माणसं आपापली कामं घेऊन तिथे यायची. मोहन पेपर घेऊन, भावजी त्यांचा रेडिओ घेऊन. मध्ये मासे सावकाश वर-खाली करत. माशांच्या मागून आक्कांचे हात दिसायचे, मेथी निवडताना, तांदूळ पाखडताना. आक्का काचेला बोट लावायच्या. तेजू आपल्या बाजूनं त्याच जागी बोट लावायची. एखादा मासा दोन्ही बोटांच्या मधे येऊन थांबायचा. मी चुलीपाशी उभी राहून बघायचे आणि तेजूला हाक मारायचे नाही.

जानेवारी लागला आणि आबांना लेकीकडे गडहिंग्लजला जावं लागलं, आठ-दहा दिवसांसाठी. निघताना जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"शैला, मासं तुझ्यावर सोपवलेत. लक्ष ठेव."

"ठेवते की, आबा."

मी सकाळी तेजूला शाळेत सोडून आले की स्टुलावर चढायचे. मासे वर यायचे, तोंड उघडायचे, मिटायचे. मला वाटायचं, पोटात कावळे ओरडत असतील बिचाऱ्यांच्या. एक चिमूट टाकली की दुसरी टाकायचे. दुपारी मी शिवणकामाला जायचे. संध्याकाळी लोडशेडिंग. चार-चार तास वीज नसायची, ट्यूब नाही, म्हणजे टाकीजवळ बसणं नाही. त्यामुळे पाणी कसं दिसतंय ते कुणी बघितलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारीच वीज गेली. शिवणाची यंत्रं बंद, म्हणून बाईंनी आम्हाला घरी पाठवलं. मी घरात आले, चप्पल काढली, आणि सवयीनं टाकीकडे बघितलं. पाणी ताकाच्या निवळीसारखं झालं होतं. सहाच्या सहा मासे वर, अगदी वर, पाण्याच्या तोंडाशी. त्यातला एक आडवा पडला होता.

मला वाटलं, भुकेनं झालंय. सकाळी गडबडीत खाणं घालायचं राहिलं होतं. डबी घेतली आणि स्टुलावर चढले. फटीतून डोकं वर काढलं तर समोर आक्का.

त्याही स्टुलावर होत्या. मध्ये फूटभर पाणी. त्यांच्या हातातही डबी होती.

वर्षभर मी मनातल्या मनात पहिलं वाक्य तयार करत होते. त्याचे कितीतरी नमुने झाले होते. आणि तोंडातून निघालं ते असं:

"तुम्ही पण घालताय?"

"आबांनी सांगितलं," आक्का म्हणाल्या. "मासं तुझ्यावर सोपवलेत म्हणाले."

"मला पण तेच म्हणाले."

आक्कांनी माझ्या डबीकडे बघितलं. "कितीदा घालतीस?"

"सकाळी. दोन चिमटी."

"मी दुपारी. तीन." मग म्हणाल्या, "भुकेजल्यागत करत होते गं."

रोज पाच चिमटी. त्यात वीज नाही म्हणून हवेची मोटरही बंद. आम्ही दोघींनी मिळून त्यांना खाऊ घालून मारायला काढलं होतं, आणि एकीनं जरी दुसरीला विचारलं असतं, तरी हे झालं नसतं. दस्तगीरचं सगळं बोलणं मला तेव्हा आठवलं. डोळ्यांत पाणी आलं, पण रडायला वेळ नव्हता.

"पाणी काढाय पाहिजे," मी म्हणाले. "निम्मं तरी."

"माझी मोरी जवळ हाय. पाइप टाक माझ्याकडं."

आमच्याकडे नळाचा पाइप होता. त्याचं एक टोक मी तळापर्यंत सोडलं, दुसरं फटीतून आक्कांकडे दिलं. त्यांनी तोंडानं ओढ काढली, ते घाण पाणी त्यांच्या तोंडात गेलं, थुंकल्या, आणि धार मोरीत सुरू झाली. तळाला साचलेलं सगळं खाणं पाइपातून जाताना दिसत होतं, काळपट, चिखल झालेलं. ते संपेना.

भरायचं पाणी आमच्या पिंपातलं. आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, म्हणून ते शिळं पाणी घरात होतं. माशांना तसलंच लागतं, हे दस्तगीरनं सांगितलेलं. मी बादली भरायची, स्टुलावर चढायची, तांब्यातांब्यानं हळूहळू ओतायची, उतरायची. चार बादल्यांनंतर मला धाप लागली.

"आक्का," मी वरून म्हणाले, "त्या दिवशी मी..."

"पाणी बघ. हळू ओत."

पाचवी बादली. सहावी. पिंपाचा तळ दिसायला लागला.

"तुझं संपलं तर सांग, माझं पिंप भरलेलं हाय," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या बाजूनं ओतायला लागल्या. आता आम्ही दोघी स्टुलावर, तांब्या हातात. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी तेव्हाच बोलून टाकलं. नाहीतर मी परत चहा करायला गेले असते.

"आक्का, मी वाईट बोलले. संक्रांतीला. मला तसं म्हणायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या वेळी म्हणायचंच होतं. पण चूक बोलले."

ते वाक्य आता सांगते. संक्रांतीचं हळदी-कुंकू आक्कांच्या पायऱ्यांवर होतं. गल्लीतल्या बारा-पंधरा बायका. ज्या दिवशी सगळं गाव गोड बोला म्हणतं, तो दिवस. तेजूला दोन दिवसांपूर्वी ताप येऊन गेलेला, आणि मी तिला बिनस्वेटरची घेऊन आले होते. आक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शैला, पोरीला अशी उघडी काय आणलीस?" एवढंच. मायेनंच म्हणाल्या. पण बायकांनी माझ्याकडे बघितलं आणि मला राग आला. मी म्हणाले, "आक्का, पोर माझी आहे. स्वतःचं असतं तर दुसऱ्याच्या पोराला शिकवत बसला नसता."

आक्कांना मूल नव्हतं. चौदा वर्षं देव झाले, डॉक्टर झाले. आक्कांनी उरलेल्या सगळ्या बायकांना हळद-कुंकू लावलं, वाण दिलं, कुणाला चुकवलं नाही. मग आत गेल्या.

आता त्या स्टुलावर उभ्या राहून पाणी ओतत होत्या. माझं बोलणं झाल्यावर तांब्या खाली गेला.

"तू म्हणालीस ते खोटं न्हाई," त्या म्हणाल्या. "मला पोर न्हाई, हे काय मला तुझ्याकडनं कळलं? लागलं मला. लई लागलं. पण ते चार दिवसांचं होतं. तू कडी का लावलीस?"

"मी?"

"दाराला. पोरगीला माझ्याकडं यायचं बंद केलंस ते."

"कडी तुम्ही लावली, आक्का. त्या रात्री. मी ऐकली लावलेली."

"रात्री लावली मी," आक्का म्हणाल्या. "रडू येत होतं, तेजूनं बघू नये म्हणून लावली. सकाळी उठल्या उठल्या काढली. दार ढकललं, तर तुझ्या बाजूनं लागलेलं."

मी तांब्या धरून तशीच उभी राहिले. त्या रात्री आक्कांची कडी वाजलेली ऐकून मला वाटलं होतं, झालं, मला कायमचं बाहेर काढलं. त्या लावणार, तर मी पण लावते, असं म्हणून मी आमच्या बाजूची लावली. आणि परत कधी दाराला हात लावला नाही. माझ्या मते ते आक्कांनी बंद केलेलं दार होतं.

म्हणजे फळी निघेपर्यंत ते दार फक्त माझ्या कडीनं बंद होतं. आक्कांची पहिल्या सकाळीच निघाली होती. मी एकदा, अगदी एकदा, कडी काढून ढकलून बघायचं होतं.

हे मी त्यांना सांगितलं. सांगताना रडले. आक्का पण रडल्या, पण त्यांचं ओतणं थांबलं नाही. "तुम्ही दार वाजवायचं होतं की, आक्का," मी म्हणाले.

"पोर तुझी," त्या म्हणाल्या. "मी कुठल्या अधिकारानं वाजवू?"

मी रिकामी बादली घेऊन खाली उतरले आणि पिंपातलं शेवटचं पाणी काढलं.

पाचच्या सुमाराला वीज आली. मोटर सुरू झाली, बुडबुडे यायला लागले. दोन मासे गेले. उरलेले चार थोड्या वेळानं हळूहळू खाली उतरले. तेजू शाळेतून आली तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो, काचेच्या अल्याड मी, पल्याड आक्का, साड्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. तिनं दप्तर टाकलं आणि विचारलं, "तुम्ही दोघी बोलताय?"

"व्हय," पलीकडून आक्का म्हणाल्या. "तू हातपाय धू आधी."

आबा आले ते टाकीसमोर उभे राहिले. मोजले. परत मोजले.

"चार?"

"तुम्ही दोघींना सांगून गेला," मी म्हणाले. "दोघींनी घातलं."

आबा स्टुलावर टेकले. "बॉयलरवर पाळी बदलताना आधीचा माणूस नव्याला सांगून जातोय, किती कोळसा टाकला, पाणी कुठवर हाय. मला वाटलं, पहिल्याच दिवशी विचाराल एकमेकींना."

"पाच दिवस लागले," पलीकडून आक्का म्हणाल्या.

"माझा हिशोब चुकला," आबा म्हणाले. "दोन जीव गेले माझ्या शहाणपणात." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्या रात्री ते न जेवताच झोपले.

भाऊ मात्र खुशीत होते. भावजी फटीतून डोकं काढून म्हणाले, "मोहन, आता काढूया ही टाकी. फळी गच्चीवर हाय की, दार परत बसवू." मोहन लगेच पाना शोधायला निघाला.

"राहू दे," आक्का म्हणाल्या. "टाकी हाय तिथंच राहील."

"मग येणार-जाणार कुठनं?"

आक्का माशांच्या मधून माझ्याकडे बघत होत्या. राग नव्हता, पण आवाज ठाम होता. "समोरनं. आतल्या दारानं कोण आलं, कोण गेलं, कुणाला दिसतंय? शैला गल्लीसमोर बोलली होती. येऊ दे गल्लीसमोरनं."

मोहन माझ्याकडे बघायला लागला. आता हिचं डोकं फिरणार, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. पण आक्कांचं बरोबर होतं. मी म्हणाले, "येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं. पाण्याच्या दिवशी आमची अख्खी गल्ली बाहेर असते, पाइप, घागरी, बादल्या, ओरडाआरडा. मी मुद्दाम तीच वेळ धरली. तेजूचा हात धरून आमच्या पायऱ्या उतरले आणि आक्कांच्या पायऱ्यांकडे गेले. मधलं अंतर म्हणाल तर दोन स्कूटर उभ्या राहतील एवढं. संक्रांतीला बसलेल्या सगळ्या बायका तिथे होत्या, आणि एकेकीचं पाणी भरायचं थांबत गेलं.

आक्का पायरीवर पिंप भरत होत्या. मी खालच्या पायरीवर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आक्का, गेल्या वर्षी हितं उभी राहून मी चुकीचं बोलले. मला माफ करा."

तेजूला काय त्याचं. ती हात सोडवून त्यांच्या बाजूनं घरात पळाली.

पाण्याची धार पिंपाबाहेर पडत होती, तिकडे आक्कांचं लक्ष नव्हतं. समोरच्या कुसूममावशींनी हाक दिली, "इंदूबाई, कोण आलंय गं सकाळी सकाळी?" त्यांना सगळं चांगलं दिसत होतं. त्यांना ऐकायचं होतं.

"पोरी आल्यात माझ्या," आक्का म्हणाल्या.

आणि पाइप माझ्या हातात देऊन आत जाता जाता म्हणाल्या, "धर, एवढं पिंप भर. मी चहा टाकते."

मी पदर खोचला आणि त्यांचं पाणी भरायला लागले.